चाचे कोण? : शारजाच्या शेखांचे पुस्तक आणि मुंबईचे दप्तर

ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये वसईच्या इतिहासात एक नोंद आहे. १६७४ साली मस्कतचे सुमारे सहाशे अरब चाचे वसईला उतरले आणि किल्ल्याच्या तटाबाहेरची सर्व चर्चे लुटून गेले, अशी ती नोंद. मी वसई-विरार पट्ट्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत समाजशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलांना घेऊन किल्ल्यावर जाते आणि ही गोष्ट सांगते. ‘चाचे’ हा शब्दही मी वर्षानुवर्षे तसाच, न तपासता वापरत आले. दोन-तीन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने किल्ल्यातच विचारले, ‘मॅडम, मस्कतमध्ये तर बादशहा होता ना? मग ते चाचे कसे?’ त्याचे वडील रास-अल-खैमाला एका कंपनीत वाहन चालवतात. आखात हा शब्द त्याने आमच्यापेक्षा आधी ऐकलेला.

मुलाचा प्रश्न बिनचूक होता. पोर्तुगिजांनी १५०७ मध्ये मस्कत घेतले आणि ते जवळजवळ दीडशे वर्षे ताब्यात ठेवले. १६५० मध्ये ओमानच्या यारुबी इमामांनी त्यांना तिथून हाकलले आणि मग त्यांचा पाठलाग करीत ते दीवपर्यंत आणि वसईपर्यंत आले. म्हणजे १६७४ चा वसईवरचा हल्ला हा एका राज्याने दुसऱ्या राज्यावर केलेला हल्ला होता. लूट झाली, यात शंका नाही. पण पुढे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी हाच किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, त्याला आपण मोहीम म्हणतो. एकाच किल्ल्यावर, एकाच शत्रूवर चालून गेलेल्या दोन फौजा. एकीला मोहीम आणि दुसरीला चाचेगिरी, ही वाटणी कोणी केली?

या प्रश्नाच्या मागे लागूनच मी शारजाचे शासक डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांच्या पुस्तकापर्यंत पोहोचले. ‘द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ’ हे १९८६ साली लंडनहून निघालेले त्यांचे इंग्रजी पुस्तक. शेखसाहेब १९७२ पासून शारजाच्या गादीवर आहेत आणि या विषयावर त्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. आपल्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या पुस्तकाचा कणा मुंबईतला आहे. काळाघोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार आहे. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याचे दप्तर तिथे आहे. आखातातल्या एका राजाला आपल्या वाडवडिलांचा इतिहास शोधण्यासाठी चर्चगेटपासून पायी अंतरावर असलेल्या कागदांकडे यावे लागले. आम्ही विरार लोकलने त्याच चर्चगेटला रोज येतो-जातो.

हे दप्तर मुंबईत का, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे आखाताचा इतिहास म्हटला की तो पेट्रोलपासून आणि १९७० नंतरच्या नोकरीच्या व्हिसापासून सुरू होतो. १७६३ साली इराणच्या किनाऱ्यावर बुशेर येथे कंपनीची रेसिडेन्सी स्थापन झाली. हा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारचा नोकर होता. त्याची पत्रे मुंबईला येत, हुकूम मुंबईहून जात. गलबते मुंबईच्या गोदीत बांधलेली, शिपाई मुंबई इलाख्याच्या पलटणीतले. आखातातल्या शेखांना लंडन माहीत नव्हते, कलकत्ता ऐकून माहीत होते. त्यांच्या दृष्टीने इंग्रज म्हणजे मुंबई. भारतीय रुपया तर त्या किनाऱ्यावर १९६० नंतरची काही वर्षेदेखील चालत होता.

आता पुस्तकाचा विषय. शारजा, रास-अल-खैमा आणि समोरच्या इराणी किनाऱ्यावरचे लिंगेह या बंदरांवर अठराव्या शतकात कवासिम घराण्याची सत्ता होती. कवासिम हे अनेकवचन, एकवचन कासिमी. तिकडच्या बोलीत ‘काफ’चा उच्चार ‘जीम’सारखा होतो, म्हणून इंग्रजांनी ऐकले ‘जवासिम’ आणि लिहिले ‘जोआस्मी’. पुढे पुढे या नावाचा अर्थच चाचा असा होऊन बसला. मुंबई सरकारचे मुख्य सचिव आणि नंतर कौन्सिलर असलेल्या फ्रान्सिस वॉर्डन यांनी या जमातीचा एक इतिहास दप्तरावरून तयार केला. तो १८५६ मध्ये मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या चोविसाव्या खंडात छापला गेला. त्यावरून लॉरिमरचे आखाताचे गॅझेटियर झाले, गॅझेटियरवरून इतरांची पुस्तके झाली. १९६६ साली चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी ‘द पायरेट कोस्ट’ या नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हा चाचा हा शब्द पुराव्यातून वर येऊन थेट मुखपृष्ठावर बसला होता. नकाशांवर तर तो त्याआधीच छापलेला होता.

शेखसाहेबांचा दावा थोडक्यात असा. कवासिम हे भारत आणि आखात यांच्यामध्ये व्यापार करणारे दर्यावर्दी. कंपनीला त्या व्यापारातला वाटा हवा होता. म्हणून मुंबईच्या अधिकाऱ्यांनी समुद्रावरचे प्रत्येक नुकसान कवासिमांच्या खाती टाकले, चाचेगिरीचा बोभाटा केला आणि शेवटी फौज पाठवून त्यांचे आरमार जाळले. हा दावा सिद्ध करण्यासाठी ते त्याच अधिकाऱ्यांची पत्रे एकामागून एक समोर ठेवतात. ज्या घटनेचा वॉर्डन एका ओळीत निकाल लावतात, तिची मूळ पत्रे काढून तीत कोणी काय पाहिले, कोणी ऐकीव सांगितले, कोणाचा स्वार्थ होता, हे ते उलगडतात. हे काम वकिलाचे आहे, आणि चांगल्या वकिलाचे आहे.

एक उदाहरण मला विशेष आवडले, ते आमच्या गावाच्या नावामुळे. १७९७ च्या मे महिन्यात सरकारी टपाल घेऊन जाणारे ‘बसीन’ नावाचे इंग्रजी जहाज रास-अल-खैमाजवळच्या रम्सपाशी कासिमी गलबतांनी पकडले. बसीन म्हणजे आमची वसईच. दोन दिवस ठेवून घेतले आणि सोडून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बुशेरच्या बंदरात ‘वायपर’ या कंपनीच्या जहाजाशी शेख सालेह यांच्या गलबतांची चकमक झाली आणि जहाजाचा कप्तान मारला गेला. चाचेगिरीच्या प्रत्येक यादीत या दोन घटना पहिल्या असतात. पण शेख सालेह त्या दिवशी बुशेरला कशासाठी थांबले होते? त्यांच्या शत्रूच्या, म्हणजे ओमानच्या आरमाराच्या वाटेवर टपून बसले होते. कवासिम आणि मस्कत यांचे युद्ध चालू होते. ज्याचे युद्ध चालू आहे तो परक्याचे जहाज अडवतो, तपासतो, संशय नसेल तर सोडतो. हाच नियम इंग्रज स्वतः फ्रेंचांशी लढताना जगभर वापरीत होते. दोन दिवसांनी सोडलेले ‘बसीन’ हे लुटारूंचे लक्षण नाही, एवढे तर कोणीही मान्य करावे.

मस्कतचा उल्लेख आला म्हणून येथे थोडे थांबते, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे आणि शेखसाहेबांनी ती किल्ली पुरेशी फिरवली नाही असे मला वाटते. १७९८ च्या ऑक्टोबरमध्ये मस्कतचे सय्यद सुलतान बिन अहमद यांनी कंपनीशी एक कौलनामा केला. फ्रेंचांना थारा देणार नाही, इंग्रजांची दोस्ती ती आमची दोस्ती, असा त्याचा आशय. हा कौलनामा घडवून आणणारा गृहस्थ इंग्रज नव्हता. मिर्झा मेहदी अली खान हे इराणी वंशाचे मुसलमान, मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे विश्वासू. टिपू सुलतानचे मस्कतशी व्यापारी संबंध होते, त्याची कोठी तिथे होती, आणि टिपूला फ्रेंचांपासून तोडायचे होते, म्हणून ही घाई. म्हणजे श्रीरंगपट्टणच्या लढाईची एक मोर्चेबांधणी मस्कतला झाली आणि ती एका मिर्झाने केली. आपल्या लेखनात ‘इंग्रज विरुद्ध मुसलमान’ अशी सरळ रेघ ओढण्याची जी सवय आहे, तिला ही माहिती अडचणीची आहे. म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

हा कौलनामा झाल्यावर मस्कतचा मित्र तो मुंबईचा मित्र आणि मस्कतचा शत्रू तो मुंबईचा चाचा, हे हळूहळू ठरून गेले. १८०४ मध्ये सय्यद सुलतान कासिमी गलबतांशी झालेल्या चकमकीत मारले गेले. त्यांच्या मागून आलेले सय्यद सईद बिन सुलतान हे मुंबईचे इतके जवळचे झाले की त्यांची ७४ तोफांची ‘लिव्हरपूल’ ही युद्धनौका १८२६ मध्ये मुंबईच्या गोदीत पारशी वाडियांनी बांधली. ती त्यांनी पुढे इंग्लंडच्या राजाला नजर केली आणि तिकडे तिचे नाव ‘इमाम’ असे ठेवण्यात आले. समुद्र तोच, जहाजे तशीच, नाखुदाही त्याच जातकुळीचे. (आपल्या कोळी बांधवांचा ‘नाखवा’ आणि आपल्या कोकणी घरांतले ‘नाखुदा’ हे एकाच फारसी शब्दाचे वंशज आहेत, हे मुलांना सांगितले की ती खूश होतात.) फरक एवढाच होता की एकाकडे मुंबईचा कागद होता आणि दुसऱ्याकडे नव्हता.

कागदाची ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ देत. तो नसेल ते जहाज पकडले जाई. कान्होजी आंग्रे दस्तक देत. इंग्रजांनी ते घ्यायला नकार दिला आणि आंग्र्यांनी जहाजे पकडली, तेव्हा इंग्रजी कागदांत कान्होजी ‘पायरेट’ झाले. मराठी वाचकाने हा शब्द कधीच मान्य केला नाही आणि ते योग्यच झाले. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आहे. पण त्याच मराठी वाचकासमोर ‘अरब चाचे’ हे शब्द आले की तो थांबत नाही. आंग्र्यांबाबत इंग्रजांचे दप्तर खोटे आणि कवासिमांबाबत तेच दप्तर खरे, हा न्याय कुठला?

हा दोष फक्त इतरांचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडेही जंजिऱ्याच्या सिद्दीबद्दल लिहिताना हीच तऱ्हा उलटी चालते. बखरीतला सिद्दी जेवढा काळा रंगवला आहे तेवढाच आपल्या काही लेखांतला सिद्दी पांढराशुभ्र असतो. किनाऱ्यावरच्या गावांतून माणसे पकडून नेली जात होती, ती दोन्ही बाजूंनी. त्यांचा हिशेब कोणीच देत नाही.

शेखसाहेबांचे पुस्तक वाचताना मला एका बाबतीत आश्चर्य वाटले. कवासिमांवर चालून गेलेले सेनापती हे आपल्या ओळखीचे लोक आहेत. १८०९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून पहिली मोठी मोहीम निघाली. आरमार कॅप्टन वेनराइटचे, फौज लेफ्टनंट कर्नल लायोनेल स्मिथची. नोव्हेंबरमध्ये रास-अल-खैमा जाळले, मग लिंगेह, मग इतर बंदरे. हाच लायोनेल स्मिथ आठ वर्षांनी पुण्याला बाजीरावावर चालून आला आणि १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत, जिथे बापू गोखले पडले, तिथे इंग्रजी फौजेचा सेनापती होता. दुसरी मोहीम १८१९ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली, सुमारे तीन हजार शिपायांची, मेजर जनरल विल्यम ग्रँट कीरच्या हाताखाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हाच कीर सावंतवाडीच्या मोहिमेवर होता. निवती आणि रेडीचे किल्ले त्याने घेतले. सावंत आणि मालवणचे दर्यावर्दी हेही इंग्रजी कागदांत चाचेच. त्यांच्यापासून संरक्षण म्हणून १८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ले इंग्रजांनी ताब्यात घेतले होते. म्हणजे एका जनरलने एकाच वर्षात फेब्रुवारीत कोकणचे ‘चाचे’ मोडले आणि डिसेंबरात अरबस्तानचे. ९ डिसेंबर १८१९ ला रास-अल-खैमा पडले, तेव्हा मुंबईला गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांनी नुकतीच पेशवाई बुडवली होती. ज्या इमारतीत हे कागद आज आहेत, तिला नावही त्यांचेच.

हे सगळे एकत्र मांडले असते तर शेखसाहेबांची बाजू किती भक्कम झाली असती! आखातात काय चालले होते हे समजण्यासाठी कोकणात काय चालले होते ते पाहावे लागते. पण हा दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. कोकणच्या बाजूने ही गोष्ट लिहिण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही.

८ जानेवारी १८२० पासून कीरने शेखांकडून एकेक करून ज्या सर्वसाधारण तहावर सह्या घेतल्या, तो तह मी भाषेची शिक्षिका म्हणून वाचला. पहिल्याच कलमात जमिनीवरची आणि समुद्रावरची लूट व चाचेगिरी कायमची बंद करण्याचे वचन आहे. जमिनीवरची चाचेगिरी! इंग्रजीत हा शब्द जमिनीवर कसा चालेल? पण अरबस्तानात एका टोळीने दुसरीवर धाड घालणे ही जुनी रीत होती. तिला ‘गझ्व’ म्हणत, ‘गारत’ म्हणत. उर्दूतले ‘गारत करना’ आणि मराठीतले ‘गारद करणे’ माझ्या मुलांच्या तोंडी रोज असते. चाच्यासाठी आज अरबीत जो शब्द आहे, ‘कुरसान’, तो मुळी इटालियनमधून आलेला. मराठीतला ‘चाचा’ हा गुजराती ‘चांचिया’चा भाऊ. ज्या गोष्टीला स्वतःचा शब्द नव्हता ती करण्याची कबुली शेखांकडून घेतली गेली, आणि धाड या त्यांच्या ओळखीच्या गोष्टीला नवे नाव दिले गेले.

तहात असेही आहे की राज्याने राज्याशी उघड जाहीर करून केलेले युद्ध वेगळे आणि लूट वेगळी. हा फरक कीरला कळत होता. प्रश्न एवढाच की युद्ध जाहीर झाले किंवा नाही हे ठरवणार कोण? ठरवणार बुशेरचा रेसिडेंट. प्रत्येक गलबताजवळ कागद असावेत, त्यांवर लांबी, रुंदी, वजन, मालकाचे नाव, नाखुदाचे नाव, माणसे किती, हत्यारे किती हे लिहिलेले असावे, असेही कलम आहे. पोर्तुगिजांचा कार्ताझ तीनशे वर्षांनी इंग्रजीत भाषांतरित होऊन आला, एवढेच. निशाणही ठरवून दिले. कवासिमांचे निशाण लाल होते. आता त्या लाल रंगाभोवती पांढरी चौकट घालायची. मुंबई सरकारला मात्र हा तह फारच सौम्य वाटला आणि त्याबद्दल कीरला ऐकून घ्यावे लागले.

पुढची कहाणी सरळ आहे. १८३५ चा समुद्रावरचा युद्धविराम, १८५३ चा कायमचा, म्हणून त्या किनाऱ्याचे नाव ‘ट्रूशियल कोस्ट’. १८९२ मध्ये शेखांनी लिहून दिले की इंग्रजांखेरीज कोणाशी संबंध ठेवणार नाही, कोणाला जमीन देणार नाही. हे वाचताना ३१ डिसेंबर १८०२ चा आमच्या वसईचा तह आठवला. दुसऱ्या बाजीरावानेही तेच लिहून दिले होते. पेशव्यांचे राज्य मात्र सोळा वर्षांत गेले आणि शेखांची राज्ये राहिली, कारण त्या वाळूत त्या वेळी घेण्यासारखे काही आहे असे मुंबईला वाटले नाही. १९७१ मध्ये तीच राज्ये एक देश झाली.

आता माझे मतभेद. पुस्तक निघाल्यावर त्याचे आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी नाव घेतले, त्यांनी ते ‘साम्राज्यवाद्यांचे पितळ उघडे पाडणारे’ म्हणूनच घेतले. ते पुरेसे नाही. एक तर शेखसाहेबांची मुंबई फार एकजीव आहे. त्यांच्या मुंबईत सगळे अधिकारी एकच कट शिजवीत आहेत. खुद्द त्यांच्याच पुराव्यात तसे दिसत नाही. डंकनने वर्षानुवर्षे कवासिमांशी भांडण टाळण्याचे धोरण ठेवले. १८०६ मध्ये कॅप्टन सेटनने बंदर अब्बासला त्यांच्याशी ठराव केला. १८१४ मध्ये बुशेरच्या ब्रूसने रास-अल-खैमाच्या हसन बिन रहमाशी बोलणी केली. कंपनीच्या जहाजांनी आधी गोळी झाडू नये असे मुंबईचे धोरण होते, आणि वॉर्डन तर या मवाळपणाबद्दल आपल्याच सरकारला दोष देतात. कट शिजवणारे असे वागत नाहीत. दुसरे, कंपनीचा स्वतःचा आखाती व्यापार त्या काळात फार मोठा नव्हता. व्यापार करीत होते ते खासगी इंग्रज आणि हिंदी व्यापारी. त्यामुळे व्यापाराची हाव हे कारण खरे असले तरी ते सगळ्या कुलपांना लागत नाही. मस्कतची दोस्ती, फ्रेंचांची भीती, १८०० नंतर दिरियाच्या सौदी सत्तेचे रास-अल-खैमावर आलेले वजन, १८१८ मध्ये इब्राहिम पाशाने दिरिया पाडल्यावर मुंबईला मिळालेली संधी, ही सगळी कारणे आहेत. चार्ल्स डेव्हिस यांनी १९९७ साली ‘द ब्लड-रेड अरब फ्लॅग’ या पुस्तकात एकेक घटना पुन्हा वेगवेगळी तपासली आहे. ते ना वॉर्डनची री ओढतात ना शेखसाहेबांची. काही हल्ले कवासिमांचे नव्हते, काही युद्धाचा भाग होते, आणि काही खरोखर लूटच होती, असा निष्कर्ष तिथे निघतो. ज्याला शेखसाहेबांचे पुस्तक आवडले त्याने हे दुसरे पुस्तक टाळू नये.

तिसरा मतभेद मला सगळ्यात जास्त बोचतो. १८१६ च्या जानेवारीत द्वारकेच्या किनाऱ्याजवळ ‘दर्या दौलत’ नावाची कंपनीची सशस्त्र पतेमारी कासिमी गलबतांनी पकडली, अशी नोंद आहे. पतेमारी हे आपल्याच किनाऱ्यावरचे जहाज. तिच्यावर सगळे हिंदी खलाशी होते, एकूण अडतीस. त्यांपैकी सतरा मारले गेले, आठ कैद करून रास-अल-खैमाला नेले गेले. बाकीचे जखमी होते. ही माणसे कोण होती? नावे कोठेही नाहीत. आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी म्हणजे कोळी, खारवी, कोकणी मुसलमान. ‘ला इलाहा’ म्हणणारेही त्यांच्यात असतील. त्याच सुमारास कवासिम आणि इंग्रज यांच्यात वाद चालला होता की इंग्रजी निशाणाला हात लावायचा नाही हे ठीक, पण हिंदी माणसाच्या जहाजाला इंग्रजी म्हणायचे किंवा नाही. त्या वादात सुरतेचे, कच्छचे, कोकणचे तांडेल कोणाचेच नव्हते. इंग्रजांना ते हवे होते चढाईचे निमित्त म्हणून.

अशा प्रकरणांत शेखसाहेबांचा कल एकाच दिशेला असतो, आरोप संशयास्पद ठरवण्याच्या. काही ठिकाणी तो संशय रास्त आहे. पण वंशजाच्या हातून पूर्वजांचा खटला चालतो तेव्हा फिर्यादीकडे कोणी पाहत नाही. वॉर्डनला मेलेले खलाशी आकड्यांपुरते हवे होते, आणि शेखसाहेबांच्या पुस्तकातही ते आकडेच राहतात. राजाने इतिहास लिहिला की तो राजांचाच होतो, मग तो राजा एल्फिन्स्टनचा वारस असो की हसन बिन रहमाच्या घराण्यातला.

मुंबईच्या पलटणींचेही तसेच. १८२० मध्ये ओमानच्या बनी बू अली टोळीवर कॅप्टन थॉम्सनने घाईने फौज नेली आणि ती फौज कापली गेली. हा थॉम्सन म्हणजे कीरचा दुभाषा, सर्वसाधारण तहाच्या अरबी मसुद्यामागचा माणूस आणि गुलामांच्या व्यापाराला लूट ठरवणाऱ्या नवव्या कलमाचा कर्ता. स्वतः कंपनीच्या मुलखात गुलामीला कायद्याने १८४३ पर्यंत थारा होता, हे तेवढ्यात सांगून टाकते. थॉम्सनवर पुढे मुंबईत लष्करी खटला चालला. पण वाळवंटात पडलेले शिपाई मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीचे होते, म्हणजे आपल्याच दख्खन-कोकणातले. त्यांचा सूड घेण्यासाठी १८२१ मध्ये पुन्हा आला तो लायोनेल स्मिथच. बनी बू अलीचे कैदी मुंबईला आणून ठेवले गेले आणि नंतर सोडले गेले. मुंबईच्या कुठल्या कोठडीत ते अरब राहिले, त्यांना डाळभात कोणी खाऊ घातला, याची गोष्ट कोणीतरी लिहायला हवी. कादंबरीच होईल तिची.

जेम्स ऑनले यांचे २००७ साली आलेले ‘द अरेबियन फ्रंटियर ऑफ द ब्रिटिश राज’ हे पुस्तक याच अंगाने मला उपयोगी वाटले. आखातात इंग्रजांचे राज्य इंग्रजांनी कमी आणि स्थानिक एजंटांनी जास्त चालवले, असे ते दाखवतात. अरब, इराणी, हिंदी व्यापारी घराणी, मुन्शी, दुभाषे. शारजाला तर दीर्घकाळ इंग्रज अधिकारी नव्हताच. मुसलमान एजंटच सरकारचे डोळे आणि कान होते. शेखसाहेबांच्या पुस्तकात जो ‘मुंबईचा अधिकारी’ आहे त्याच्या खुर्चीशेजारी एक मुन्शी बसलेला होता, आणि ज्या पत्रांवरून हा सगळा वाद आहे ती पत्रे त्या मुन्शीने भाषांतरित केलेली होती. मी स्वतः उर्दू आणि मराठी या दोन भाषांमध्ये रोज ये-जा करते. एखादा शब्द इकडून तिकडे नेताना काय सांडते हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या मुन्शीबद्दल मला कुतूहल आहे आणि थोडी भीतीही.

एवढे सगळे असूनही मी हे पुस्तक आपल्या वाचकांनी वाचावे असेच म्हणेन, आणि कोणीतरी मराठीत आणावे असेही. ते वादासाठी लिहिलेले पुस्तक आहे, आणि वादाची सुरुवात कोणीतरी करावी लागते. शेखसाहेबांनी ती केली नसती तर डेव्हिस लिहिते झाले असते असे मला वाटत नाही. लेखक स्वतः सत्ताधारी असूनही त्यांनी हुकूम काढला नाही, कागद काढले. या गोष्टीची मला शिक्षिका म्हणून कदर वाटते.

त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात उत्तर दिले. फळ्यावर वसई आणि मस्कत काढले, मध्ये समुद्र काढला, आणि १६५०, १६७४, १७३९ ही साले लिहिली. सगळे त्याला कळले असे नाही. पण वडील सुट्टीवर आले तेव्हा त्यांना विचारून त्याने रास-अल-खैमाचे निशाण वहीत काढून आणले. लाल रंग, भोवती पांढरी चौकट. ‘मॅडम, ही चौकट कशाची?’ त्याने विचारले. वर्गात तास संपल्याची घंटा झाली होती. मी त्याला म्हटले, वही ठेवून जा, उद्या सांगते.